कोयनेची भेग, नॉर्वेची भिंत: सिम्युलेशनवर विश्वास किती ठेवायचा?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की हे सिम्युलेशन, सिम्युलेशन म्हणतात ते नेमकं करतात काय? रंगीत चित्रं दिसतात, लाल-पिवळं-निळं, पण त्या चित्रावर भरवसा ठेवून कुणी पूल बांधतं का, धरण बांधतं का? प्रश्न एकदम रास्त आहे. माझं बी.टेक. मेकॅनिकलमधलं आणि नोकरी सॉफ्टवेअरची. सध्या काम असं की सॉल्व्हरनं काढलेले आकडे स्क्रीनवर चित्र म्हणून दाखवायचा कोड लिहायचा. म्हणजे ती लाल-पिवळी चित्रं बनवणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे ती कशी बघावीत यावर बोलायला हरकत नाही.

आज दोन गोष्टी घेणार आहे. एक आपल्या कोयनेची, एक नॉर्वेची. एकीत सिम्युलेशन नव्हतं म्हणून धोका दिसला नाही. दुसरीत सिम्युलेशन होतं, तरी दिसला नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या की विषय बराच सोपा होतो.

एक शब्दांचा घोळ आधीच मिटवतो. इंग्रजीत ज्याला स्ट्रेस म्हणतात त्याला मी स्ट्रेसच म्हणणार. ओढलं जातं तिथे ताण, दाबलं जातं तिथे दाब. काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं, एवढं लक्षात ठेवा. आजच्या भागाला एवढं सिव्हिल पुरे.

पहाटे ४ वाजून २१ मिनिटं

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. तीव्रता वेगवेगळ्या नोंदींनुसार ६.३ ते ६.५. दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारो जखमी झाली, कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली. धरणात पाणी अडवायला सुरुवात होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळते का, या प्रश्नावर जगात कुठेही चर्चा निघाली की कोयनेचं नाव आजही पहिलं येतं. पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे. आज आपण फक्त भिंतीकडे बघू.

धरण १०३ मीटर उंच, तळाशी साधारण ७० मीटर रुंद. माथ्यावर रुंदी १४-१५ मीटर. आकार असा, की पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी. मागची बाजू तळापासून तिरकी वर येते आणि साधारण ६६ मीटर उंचीवर एकदम वळून जवळजवळ उभी होते. म्हणजे तिथे एक मान आहे, १९ मीटरच्या आसपास रुंद, आणि मानेवर साधारण ३६ मीटर उंचीचं डोकं.

भूकंपानंतर भिंत उभीच राहिली. हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पण तपासणीत न-सांडव्याच्या बऱ्याच ब्लॉकमध्ये आडव्या भेगा सापडल्या, पाण्याकडच्या बाजूनेही आणि मागच्या बाजूनेही. आणि त्या कुठे? तळाशी नाही, जिथे पाण्याचा दाब सगळ्यात जास्त असतो. त्या होत्या मानेजवळ.

का बरं? तळाशी पाण्याचा रेटा प्रचंड, तिथे काही नाही, आणि वर जिथे रेटा कमी तिथे भेग?

पाच टक्क्यांचा हिशेब

त्या काळात धरणाचा भूकंपाचा हिशेब कसा करत? धरणाच्या वजनाच्या ठरावीक टक्के बल आडवं लावायचं आणि भिंत टिकते का ते बघायचं. कोयनेसाठी हा आकडा ५ टक्के होता. तो भाग तेव्हा भूकंपाचा समजतच नव्हते, त्यामुळे ५ टक्के म्हणजे सावधगिरीच.

आपण ढोबळ हिशेब करू, कागद-पेन घ्या हवं तर. भिंतीचा एक मीटर जाडीचा काप धरा. त्याचं वजन साधारण साडेनऊ हजार टन. पाणी भूकंपाच्या वेळी होतं जवळजवळ ९२ मीटर खोल. त्याचा आडवा रेटा येतो ४,२०० टन. आता भूकंपाचे ५ टक्के म्हणजे ४७५ टन. पाण्याचा जादा धक्का मिळवला तरी सव्वासातशेच्या आत. ४,२०० टन जी भिंत सोसते तिला आणखी सातशे काय जड आहेत?

मानेचा हिशेबही करून बघू. डोक्याचं वजन अंदाजे १,६५० टन. त्यामुळे मानेवर दाब येतो ०.८ मेगापास्कल. वरच्या २५ मीटर पाण्याच्या रेट्यानं पाण्याकडच्या बाजूला ताण येतो ०.४. आणि भूकंपाच्या ५ टक्क्यांनी ताण येतो ०.२ च्या थोडा वर. ०.८ दाब, ०.६ ताण. म्हणजे दाब शिल्लक, भिंत कुठेही ओढली जात नाही. पास.

हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक नाही. ज्यांनी तो केला ते त्या काळचे उत्तम इंजिनिअर होते आणि जगभर हीच पद्धत होती. भारतात तेव्हा संगणक किती होते? कोलकात्याच्या आयएसआयमध्ये पहिला आला १९५५ मध्ये, आणि मुंबईला टीआयएफआरचा टिफ्रॅक रीतसर सुरू झाला १९६० मध्ये. धरणाचं डिझाइन स्लाइड रूल आणि आलेख कागदावर होत होतं.

मग निसटलं काय? तर झोका.

लहानपणी बोराचं झाड हलवलंय का कुणी? खोडाला धरून गदागदा हलवायचं. आपला हात हलतो चार बोटं, शेंडा हलतो हात-दोन हात. बोरं पडतात ती शेंड्याची. पाच टक्क्यांच्या हिशेबात सगळं झाड चार बोटंच हलतं असं धरलेलं असतं. खरी भिंत तशी वागत नाही. तिला स्वतःची एक लय असते. कोयनेच्या भिंतीची पहिली लय, रिकाम्या जलाशयात, सेकंदाला साधारण तीन झोके. आणि त्या भूकंपाचे धक्के जलद होते, या लयीला खाद्य पुरवणारे. भिंतीत बसवलेल्या यंत्रानं जमिनीच्या पातळीला आडवं प्रवेग मोजलं ते ०.४७ जी. पाच टक्के म्हणजे ०.०५. नुसत्या जमिनीलाच नऊपट. वर डोक्याला त्याहून कितीतरी जास्त.

समजा डोक्याला सरासरी १ जी मिळाला. ०.०५ च्या वीसपट. मग मानेवरचा भूकंपाचा ताण ०.२३ गुणिले २०, म्हणजे ४.६. त्यात पाण्याचे ०.४ मिळवा, दाबाचे ०.८ वजा करा. चारच्या वर ताण उरतो. आणि काँक्रीटची ताण सोसायची ताकद? या धरणाच्या अभ्यासांत साधारण २.५ ते ३ मेगापास्कल धरतात. भेग पडणारच, आणि झोका दोन्हीकडे जातो म्हणून दोन्ही बाजूंनी पडणार.

आता तुम्ही म्हणाल, हे तर कागदावर झालं, संगणक कशाला? कारण मी मधेच "समजा १ जी" म्हटलं ना, तो आकडा कागदावर येत नाही. तो काढायला धक्क्याचा प्रत्येक क्षण घेऊन भिंत पुढच्या क्षणी कुठे असेल हे सोडवावं लागतं. दहा सेकंदांचा हलकल्लोळ, शेकडो बिंदूंसाठी. तिथे सिम्युलेशन लागतं.

भिंतीचे तुकडे पाडायचे म्हणजे काय

पद्धतीचं नाव फायनाइट एलिमेंट. मूळ कल्पना सोपी आहे. आख्ख्या भिंतीचं समीकरण कुणालाच सुटत नाही. पण लहान चौकोनी तुकड्याचं सुटतं. म्हणून भिंतीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचं साधं समीकरण लिहायचं आणि कोपऱ्याला कोपरा जोडायचा. शेवटी हजारो साध्या समीकरणांची एक मोठी गाठ तयार होते आणि ती संगणक सोडवतो. या जाळीला मेश म्हणतात.

बोइंग कंपनीत विमानाच्या पंखांसाठी हे सुरू झालं. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६ चा पेपर प्रसिद्ध आहे. रे क्लफ बर्कलीचे प्राध्यापक, त्यांनी १९६० मध्ये या पद्धतीला हे नाव दिलं. आणि गंमत म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंगमधला तिचा पहिला मोठा उपयोगही धरणावरच झाला. अमेरिकेतलं आर्कान्सा राज्यातलं नॉरफोर्क धरण, त्याला भेग गेली होती.

कोयनेचा हिशेब याच बर्कलीत झाला. अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांचा १९७३ चा पेपर आहे, कोयनेचा भूकंप आणि धरणाचं नुकसान यावर. त्यांनी मोजलेले खरे धक्के मॉडेलला दिले. उत्तर आलं की मानेच्या आसपास, दोन्ही बाजूंना, काँक्रीटच्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट ताण येतो. म्हणजे भेगा प्रत्यक्षात जिथे पडल्या तिथेच. जगातल्या धरण इंजिनिअरांना हे दाखवून देणारं उदाहरण मिळालं की टक्क्यांची जुनी पद्धत नुसती कमी आकडा देते एवढंच नाही, ती धोक्याची जागाच चुकीची दाखवते. जुन्या पद्धतीनं वर स्ट्रेस कमी दिसतो, म्हणून वर काँक्रीटही कमी ताकदीचं चालतं असं वाटायचं.

आज काय झालंय, अबॅकस नावाचं एक मोठं सिम्युलेशन सॉफ्टवेअर आहे, त्याच्या मॅन्युअलमध्ये कोयना धरण हे सोडवलेलं उदाहरण म्हणून छापलेलं आहे. ब्राझील, इराण, चीन, कुठलाही विद्यार्थी काँक्रीटची भेग शिकायला बसला की कोयना उघडतो. हेळवाकच्या अलीकडे कधी गेला नसेल, पण मानेची रुंदी त्याला पाठ.

ती साडेसातशे चौकोनांची भिंत

त्या उदाहरणात भिंतीचे साडेसातशेच्या आसपास तुकडे आहेत, एकेक साधारण दोन-सव्वादोन मीटरचा. जास्त नाहीत. साधा लॅपटॉप खाऊन टाकतो. पण आत काय काय ठरवावं लागतं बघा.

पहिलं, पाणी. भिंत हलली की पाणीही हलतं. पाण्याचे तुकडे पाडायचे नसतील तर एक जुनी युक्ती आहे. वेस्टरगार्ड नावाच्या इंजिनिअरनं १९३३ मध्ये, हूवर धरणाच्या काळात, सूत्र दिलं की भिंतीला पाण्याचा एक थर चिकटलाय आणि तो तिच्याबरोबर हलतो असं धरा. कोयनेच्या तळाशी हा थर येतो ८० मीटर जाड! हे सूत्र भिंत अजिबात लवत नाही असं धरून काढलंय. आपण मात्र लवणाऱ्या भिंतीला वापरतोय. चालतं, पण ही तडजोड आहे हे माहीत असावं.

दुसरं, डॅम्पिंग. झोका किती लवकर शमतो? त्या उदाहरणात ३ टक्के धरलेत. हे ३ कुणी मोजले? बहुतेक वेळा अनुभवानं धरतात. आणि फरक किती पडतो? अखंड एका लयीत हलवत राहिलं तर ३ टक्क्यांना झोका सोळा-सतरापट वाढतो, ५ टक्क्यांना दहापट. खरा भूकंप इतका सुरेल नसतो म्हणून एवढा फरक पडत नाही, पण एका गृहीत आकड्यावर उत्तर किती टांगलेलं असतं ते कळलं ना?

तिसरं, वेळेचे तुकडे. काँक्रीटमधून कंप साधारण ३,४०० मीटर प्रतिसेकंद वेगानं पळतो. एक्स्प्लिसिट पद्धत वापरली तर नियम असा, की एका पावलात कंपानं एक तुकडा ओलांडता कामा नये. दोन मीटरचा तुकडा म्हणजे पाऊल सेकंदाच्या सतराशेव्या भागाचं. दहा सेकंदांसाठी सतरा हजार पावलं. आता तुकडा निम्मा केला तर? तुकडे चौपट, पावलं दुप्पट, काम आठपट. भिंत त्रिमितीत घेतली तर सोळापट. मॅनेजर विचारतो, "अरे, मेश बारीक करायला एवढा वेळ का लागतो?" त्याचं उत्तर हे आहे.

चौथं, आणि यात अनेक जण फसतात. मानेजवळ भिंत जिथे एकदम वळते तो कोपरा. साध्या, न तुटणाऱ्या पदार्थाच्या मॉडेलमध्ये अशा आतल्या टोकदार कोपऱ्यात स्ट्रेस अनंत असतो. म्हणजे मेश बारीक करत जा, आकडा वाढतच जाईल, थांबणारच नाही. दोन मीटरच्या मेशला ५ आला, अर्ध्या मीटरला ८ येईल असा प्रकार. रिपोर्टमध्ये कुणी लिहिलं की कमाल स्ट्रेस अमुक, तर तो आकडा भिंतीचा नाही, मेशचा आहे.

उलट बाजूनं, भेग पडू दिली तरी घोटाळा होतो. तुटल्यावर काँक्रीट मऊ होतं असं नुसतं सांगितलं तर भेग एका तुकड्याच्या ओळीत शिरते. तुकडा जितका बारीक तितकी भेग पाडायला ऊर्जा कमी लागते. शून्य जाडीच्या तुकड्याला शून्य ऊर्जा, म्हणजे भिंत फुंकरीनं फुटेल! यावर उपाय स्वीडनमध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दिला. एक चौरस मीटर भेग उघडायला लागणारी ऊर्जा हा पदार्थाचा गुण धरायचा आणि तो मेशवर अवलंबून ठेवायचा नाही. तेव्हापासून उत्तरं ताळ्यावर आली.

ही चारही कामं संगणक करत नाही. माणूस ठरवतो. संगणक फक्त ठरवलेलं इमानेइतबारे सोडवतो.

आता नॉर्वे

२३ ऑगस्ट १९९१. स्टाव्हँगरजवळचा गान्सफ्योर्ड. तिथे स्लाइप्नर ए नावाच्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया पाण्यात हळूहळू बुडवून चाचणी चालली होती. पाया म्हणजे २४ मोठ्या नळकांड्यांचा पुंजका, त्यातल्या चार वर खांबासारख्या गेलेल्या. ८२ मीटर खोल पाण्यात बसणार होता. त्या दिवशी बुडवताना एक भिंत फुटली, पाणी आत घुसलं, पंपांना आवरेना आणि सगळा डोलारा तळाशी गेला. तळावर आपटल्याचा धक्का भूकंपमापकांवर ३ तीव्रतेचा नोंदला गेला. माणसं सगळी वाचली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

इथे तर फायनाइट एलिमेंट वापरलं होतं. नावाजलेलं सॉफ्टवेअर, नॅस्ट्रान. सॉफ्टवेअरमध्ये बग नव्हता. तीन नळकांड्या जिथे भेटतात तिथे मध्ये एक त्रिकोणी पोकळी राहते. तिच्या भिंतींसाठी घेतलेला मेश जाडाभरडा होता, तुकडे वेडेवाकडे ताणलेले. त्यामुळे भिंतीच्या टोकाशी येणारा शिअर, म्हणजे कापू पाहणारं बल, ४७ टक्के कमी आला. त्या आकड्यावर भिंतीची जाडी ठरली. भरीला सळ्यांची टोकं पुरेशी आत रुतवलेली नव्हती.

नंतर काळजीपूर्वक मेश करून पुन्हा हिशेब केला. उत्तर आलं की ही भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल. प्रत्यक्षात फुटली ६५ मीटरला. म्हणजे तीच पद्धत, तेच गणित. नीट वापरली असती तर तीन मीटरच्या फरकानं आधीच सांगितलं असतं.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. नव्या प्लॅटफॉर्मची घाई होती, वायू द्यायचे करार झालेले होते. तेव्हा ठरलं की संगणकाचे निकाल येईपर्यंत थांबायचं नाही, स्लाइड रूलच्या काळातल्या हाताच्या पद्धतींनी डिझाइन पुढे न्यायचं. आणि ते झालं. नवा पाया १९९३ मध्ये जागेवर उभा राहिला. यावरून काही जण म्हणतात, बघा, संगणकाचं खूळ. मला तसं वाटत नाही. त्रिकोणी पोकळीची भिंत म्हणजे दोन्ही टोकांना धरलेली तुळई. पाण्याचा दाब गुणिले लांबी भागिले दोन, टोकाचा शिअर हातावर निघतो. तो आकडा कुणी कॉम्प्युटरच्या आकड्याशेजारी लिहिला असता, तर जवळपास निम्म्याचा फरक डोळ्यांत खुपला असता. हाताचा हिशेब आणि संगणकाचा हिशेब ही सख्खी भावंडं आहेत. एकमेकांवर लक्ष ठेवण्यासाठी आहेत.

चित्र कसं बघावं

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. रंगीत चित्राबद्दल.

एक. लाल म्हणजे धोका नाही. बहुतेक प्रोग्रॅममध्ये रंगांची पट्टी आपोआप ताणली जाते. जो सगळ्यात मोठा आकडा असेल त्याला लाल. तो ३०० असो की ०.३. पट्टीवरचे आकडे वाचल्याशिवाय चित्र बघूच नका. बरा उपाय म्हणजे पट्टी हातानं बसवायची: पदार्थाची ताकद जिथे संपते तिथे लाल.

दोन. चित्र गुळगुळीत दिसतं कारण आम्ही ते गुळगुळीत करतो. स्ट्रेस प्रत्येक तुकड्यात वेगळा निघतो, शेजारच्या तुकड्याशी तो जुळतोच असं नाही. सॉफ्टवेअर कोपऱ्यावर सरासरी काढून रंग मिसळतं. सरासरी बंद करायचं बटण असतं, बहुतेकांनी ते कधी दाबलेलं नसतं. दाबा एकदा. शेजारच्या दोन तुकड्यांत रंग उडी मारत असेल तर तिथे मेश पुरेसा बारीक नाही. फुकटात मिळणारं चूक-मापक आहे हे.

तीन. जोडायचा जो आकडा असेल तो तीन मेशवर काढा. दोन मीटर, एक मीटर, अर्धा मीटर. उत्तर स्थिरावतंय का? स्थिरावत नसेल तर आधी कारण शोधा, रिपोर्ट मग.

चार. बेरीज तपासा. भिंतीचं वजन तळाच्या प्रतिक्रियेशी जुळतं का? आपण मघाशी ४,२०० टन काढले. सॉल्व्हरनं पाण्याचा रेटा ४,२०० सांगितला तर बरं, ४२ सांगितला तर युनिट गंडलंय. दोन मिनिटांचं काम आहे.

पाठ्यपुस्तकात याला दोन भारदस्त नावं आहेत, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन. मराठीत सांगायचं तर, गणित बरोबर सोडवलं का, आणि बरोबर गणित सोडवलं का. स्लाइप्नर पहिल्या प्रश्नात नापास. कोयनेची जुनी पद्धत दुसऱ्या प्रश्नात नापास. पास व्हायला दोन्ही पेपर लागतात.

हे सगळं आत्ता का

कारण कोयना एकटी नाही. देशात मोठी धरणं पाच हजारांहून जास्त, आणि राज्यांत सगळ्यात जास्त आपल्याकडे. त्यातली बरीच संगणकाआधीच्या हिशेबानं बांधलेली. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला, त्यात मोठ्या धरणांची सर्वंकष तपासणी बंधनकारक झाली. अशा तपासणीत कुठेतरी कुणीतरी मेश टाकणार, डॅम्पिंगचा आकडा निवडणार, चित्र काढणार. तो कदाचित तुमच्यासारखा नुकता नोकरीला लागलेला मुलगा किंवा मुलगी असेल, हिंजवडीतल्या कुठल्यातरी क्युबिकलमध्ये, डेडलाइन शुक्रवारची. चित्र हिरवं आलं की पीपीटीत चिकटवायचा मोह होतो. आणि कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं, पुढे सांगली. त्या काठावरच्या माणसाला मेश हा शब्द माहीत नाही, असायचं कारणही नाही. त्याच्या वतीनं तो प्रश्न आपण विचारायचा असतो.

कोयनेच्या बाबतीत विचारला गेला. भेगा इपॉक्सीनं भरल्या, केबलनी भिंत ताणून धरली, आणि मग उंच ब्लॉकना मागून काँक्रीटचे टेकू दिले. सांडव्याचा भागही नंतर मजबूत केला. पुढच्या वेळी कोयनेला गेलात आणि भिंतीची मागची बाजू दिसली, तर ते टेकू बघा. त्या टेकूंचं कारण तुम्हाला आता माहीत आहे.

ज्यांना हात घालून बघायचंय त्यांच्यासाठी: महागड्या लायसनची गरज नाही. कॅल्क्युलिक्स फुकट आहे, बर्कलीचं ओपनसीज आहे. कोयनेची मापं मी बोललोच: १०३ मीटर उंची, तळ ७०, मान ६६ मीटरवर, माथा १४.८. घनता २,६४३, लवचीकतेचा गुणांक ३१ गिगापास्कल. आधी फक्त लय काढा. पहिली लय सेकंदाला तीनच्या आसपास आली तर मॉडेल रुळावर आहे. नाही आली तर युनिट बघा, शंभरातल्या नव्वद वेळा तिथेच असतं. मग पाणी, मग धक्का, आणि भेग सगळ्यात शेवटी. उलट क्रमानं जाऊ नका, वैतागाल.

काढलेली चित्रं पाठवा. सरासरीचं बटण बंद करून हं!

पुढच्या भागात पाण्याचं आणि हवेचं सिम्युलेशन घेऊ, तिथे मेशचा त्रास याहून भारी आहे. तोवर सांभाळा, भेटूच.